हजेरीपटातील नफा

कारखान्याच्या छपराखाली हवा खेळती ठेवावी, उष्णता कमी देणारे दिवे लावावेत, वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा कामात आणावे, अशी सूचना एखाद्या कारखानदारापुढे मांडली की त्याच्याकडून पहिला प्रश्न येतो तो विजेच्या बिलाचा: बिल किती उतरेल, आणि घातलेला पैसा किती वर्षांत वसूल होईल? प्रश्न रास्त आहे. ज्याला दरमहा ठरल्या तारखेला पगार वाटायचा असतो, बँकेचे व्याज भरायचे असते आणि माल उचलणाऱ्या मोठ्या कंपनीकडून येणे असलेल्या रकमेची महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते, त्याने हिशेब विचारू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच पोचत नाही. परंतु हा हिशेब ज्या खात्यावर मांडला जातो ते खातेच अपुरे आहे, असे माझे मत आहे. निसर्गाला झेपेल आणि माणसाला सोसवेल अशा कामाच्या जागेचा लाभ विजेच्या बिलात दिसतो त्याहून पुष्कळ अधिक हजेरीपटात, उत्पादनाच्या दैनिक तक्त्यात, बाद ठरणाऱ्या नगांच्या नोंदीत आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या यादीत दिसतो. मात्र ही चारही दप्तरे चार निरनिराळ्या टेबलांवर असतात, आणि मालकाच्या टेबलावर थेट येऊन पडते ते एकटे वीजबिल.

हा विचार आपल्या भूमीला परका नाही. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा मुंबई सोडून कापसाच्या मुलखात गिरणी नेण्यामागे कच्चा माल हाताशी असावा हा व्यवहारी हेतू होताच. पण वैदर्भीय उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो, सूत वारंवार तुटते आणि तुटलेला धागा जोडीपर्यंत तेवढे उत्पादन खोळंबते, ही अडचण त्या जागेबरोबरच पदरी आली. तिच्यावर उपाय म्हणून हवेत दमटपणा राखणारी यंत्रे त्या गिरणीत बसविण्यात आली, आणि आग लागताच पाण्याचे फवारे आपोआप सोडणारी व्यवस्थाही तिच्यात आली. हिंदुस्थानातील गिरण्यांना त्या काळी या दोन्ही गोष्टी अपूर्व होत्या. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. हवेत सुधारणा झाली ती सुतासाठी. सूत तुटते तेव्हा ते डोळ्यांना दिसते, जॉबर धावत येतो, आणि पाळी संपताना तक्त्यातला आकडा उतरलेला असतो. त्यामुळे हवेचे मोल मालकाला ताबडतोब कळते. त्याच हवेत दिवसभर उभ्या असलेल्या माणसाची शक्ती क्षीण होते तेव्हा काही तुटल्याचा आवाज होत नाही. तो दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही, एवढेच घडते. शिवाय सुताला मानवणारा दमटपणा माणसाला मानवतोच असे नाही, किंबहुना दमट उष्मा शरीराला अधिकच जाचतो, आणि म्हणूनच पुढे कारखान्यांच्या कायद्यात कृत्रिम दमटपणावर स्वतंत्र निर्बंध घालावे लागले.

जमशेटजींचे मोठेपण असे, की सुताच्या प्रकृतीकडे पाहताना माणसाच्या प्रकृतीकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. १८८६ मध्ये त्या गिरणीत निवृत्तिवेतनाचा निधी स्थापन झाला, आणि १८९५ पासून कामावर अपघात झालेल्यांना भरपाई देण्यात येऊ लागली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा सरकारने केला तो १९२३ मध्ये, म्हणजे त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. यात दयाबुद्धी नव्हती असे मी म्हणणार नाही, पण केवळ दयाबुद्धी होती असे म्हणणे हा त्या व्यवहारचतुर पुरुषावर अन्याय होईल. शिकवून तयार केलेला माणूस हंगाम आला की गावी निघून जातो, आणि त्याच्या जागी आलेला नवखा माणूस शिकेपर्यंत माल बिघडवतो, हे ज्याने आपल्या हिशेबात पाहिले, त्याला माणूस टिकविण्याचा खर्च आणि माणूस गमावण्याचा खर्च यांची तुलना करता येत होती. आजच्या कारखानदारांपैकी ही तुलना प्रत्यक्ष कागदावर करणारे किती असतील, याची मला शंका आहे.

त्याच सुमारास मुंबईत, मालकांच्या बाजूने नव्हे तर कामगारांच्या बाजूने, हाच प्रश्न नारायण मेघाजी लोखंडे यांनी धसास लावला. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या पुढे केल्या, त्यांत आठवड्याची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, अपघाताची भरपाई होती आणि पगार वेळेवर मिळावा ही साधी अपेक्षा होती. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. आज ही सुटी ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांना ती मिळविण्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले याची कल्पनाही नसते. शाश्वततेविषयी आजकाल जे लिहिले जाते त्यात सौरफलकांना आणि कचऱ्याच्या रंगीत डब्यांना मोठे स्थान असते, लोखंड्यांच्या या मागण्यांना मात्र कोठेच जागा नसते. वास्तविक वापरून झिजणाऱ्या साधनाला पुन्हा भरून येण्यास अवसर देणे हेच शाश्वततेचे मर्म असेल, तर मनुष्याच्या श्रमशक्तीला त्यातून वगळण्याचे कारण काय?

आता अलीकडच्या काळातील एक उदाहरण पाहू, कारण माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. बंगळूर आणि त्याच्या परिसरातील तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई यंत्रांच्या ओळीच्या ओळी असतात. सुईखालचा टाका स्पष्ट दिसावा म्हणून प्रत्येक यंत्रावर, शिवणाऱ्या बाईच्या कपाळापासून अगदी जवळ, एक दिवा जळत असतो. परदेशी खरेदीदारांच्या पर्यावरणविषयक अपेक्षा वाढल्या तसे हे जुने नळीचे दिवे काढून त्या जागी एलईडी दिवे बसविण्यात आले. वीज वाचावी एवढाच हेतू होता, आणि वीज वाचलीही. पण अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्यषधम या अर्थशास्त्रज्ञांनी त्या कारखान्यांतील ओळीओळींच्या दैनिक उत्पादनाचे आकडे हवामानाच्या आकड्यांशी ताडून पाहिले, तेव्हा निराळीच हकीकत उजेडात आली. उन्हाच्या दिवशी जुन्या दिव्यांखाली शिलाईचे काम मंदावत असे. नवे दिवे आल्यावर उष्म्याने होणारी ही घट सुमारे ८५ टक्क्यांनी नाहीशी झाली. दिव्याची उष्णता कपाळावरून हटली, आणि हात पूर्ववत चालू लागला. केवळ वाचलेल्या विजेच्या हिशेबाने दिव्यांचा खर्च वसूल व्हायला जेवढा काळ लागला असता, त्याहून पुष्कळच कमी काळात तो वसूल झाला, कारण वाढलेल्या उत्पादनाची किंमत विजेच्या बचतीहून कितीतरी पट मोठी होती. २०२० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवे बदलण्याचा निर्णय घेताना नफ्याचा हा मोठा भाग कोणाच्याही हिशेबात नव्हता, ही त्यातील सर्वांत बोधप्रद गोष्ट आहे. आणि मला भीती वाटते ती अशी, की ज्या असंख्य कारखान्यांत हिशेब जमला नाही म्हणून दिवे बदललेच गेले नाहीत, त्यांतही तोच भाग तसाच अदृश्य राहिला असेल.

दिव्याची ही कथा, तर डोक्यावरच्या पत्र्याची काय असेल? आपल्या औद्योगिक वसाहतींतून वैशाखात दुपारी तीनच्या सुमारास कोणत्याही छोट्या शेडमध्ये जावे. पत्रा तापून त्याची धग खाली उतरत असते. भिंतीवरचा मोठा पंखा तीच गरम हवा इकडून तिकडे ढकलीत असतो. लेथवरचा माणूस दर थोड्या वेळाने कॉटन वेस्टने आधी मान पुसतो आणि मग नग पुसतो. या पुसण्यातच एक नुकसान दडलेले आहे. ग्राइंडिंग होऊन आरशासारख्या झालेल्या पोलादी भागावर घामेजलेल्या बोटांचा ठसा राहिला, तर त्या जागी पुढे गंजाचा तांबूस डाग उमटतो आणि तपासणीत तो नग परत येतो. मापाचेही तसेच. लांबी मोजण्याचे प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस मानलेले आहे. शंभर मिलिमीटर लांबीचा पोलादी भाग त्याहून वीस अंशांनी अधिक तापला, तर तो सुमारे तेवीस मायक्रॉनने वाढतो, आणि आज मोटारीच्या सुट्या भागांत अनेक ठिकाणी एवढीही सूट मिळत नाही. यंत्रावरून नुकताच उतरलेला गरम नग घाईघाईने मापून योग्य ठरवावा, आणि ग्राहकाच्या थंड तपासणीखोलीत तो अयोग्य ठरावा, हा अनुभव पुण्या-कोल्हापूरच्या कारागिरांना नवा नाही. बाद नगाच्या नोंदीत कारण म्हणून ‘कामगाराची चूक’ असे लिहिले जाते. छपराचे नाव त्या रकान्यात कधीच येत नाही.

उष्म्याने होणाऱ्या या हानीचे देशव्यापी मोजमापही झालेले आहे. ई. सोमनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील कारखान्यांच्या आकडेवारीवरून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षाचे तापमान एका अंशाने वाढले तर कारखान्याचे वार्षिक उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटते, असे दाखवून दिले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ च्या आपल्या अहवालात असा अंदाज वर्तविला, की २०३० पर्यंत भारतातील कामाच्या एकूण तासांपैकी ५.८ टक्के तास केवळ उष्म्यापायी वाया जातील, आणि हे नुकसान ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके असेल. दोन टक्के ही संख्या ऐकायला लहान वाटते. परंतु ज्या छोट्या कारखान्याचा सर्व खर्च जाता उरणारा नफाच मुळी पाच-सात टक्क्यांचा आहे, त्याने ती आपल्या ताळेबंदावर ठेवून पाहावी.

सोमनाथन यांच्या अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे, आणि तो मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कामाची जागा थंड ठेवली तर उत्पादनातील घट बऱ्याच अंशी थांबते. मात्र उष्म्यामुळे होणारी गैरहजेरी तशी थांबत नाही, कारण माणूस कारखान्यात आठ तास असतो आणि उरलेले सोळा तास ज्या खोलीत, ज्या वस्तीत काढतो तिथला पत्रा तसाच तापलेला असतो. रात्रभर जो झोपू शकला नाही तो सकाळच्या पाळीला कसा येणार? म्हणजे कामाच्या जागेची सीमा कारखान्याच्या फाटकापाशी संपत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना ही गोष्ट एका शतकापूर्वी उमगली होती, असे किर्लोस्करवाडीचा इतिहास वाचताना वाटते. १९१० मध्ये औंध संस्थानातील निवडुंगांनी भरलेल्या माळावर त्यांनी कारखाना उभारला तो वसाहतीसह. माणसांची घरे, झाडे, पाणी आणि यंत्रे यांचा विचार एकत्र झाला, आणि मालक स्वतः त्याच माळावर राहत असल्यामुळे तिथल्या उन्हाची झळ कारखान्यातील सर्वांना सारखीच लागत होती. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून मिळालेल्या जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर झाले, ही हकीकत पुष्कळांना माहीत असते. टाकाऊ धातूच्या पुनर्वापराचे धडे आपण आज परदेशी अहवालांतून घेतो म्हणून तिची येथे आठवण केली.

कोणी म्हणेल, की हे सारे कायद्यात होतेच, मग अडले कोठे? आक्षेप बरोबर आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने, भिंती व छपरे अशा साहित्याची व अशा रचनेची असावीत की आतील तापमान शक्य तितके कमी राहील, असे स्पष्ट सांगितले होते. उजेडासाठी ठेवलेल्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात, आणि पिण्याच्या पाण्याच्या जागेवर बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत तसा फलक असावा, इथपर्यंत त्या कायद्याची नजर पोचली होती. ही कलमे लिहिणाऱ्यांनी कारखाने जवळून पाहिले होते, याबद्दल संशय राहत नाही. परंतु कायद्याची अंमलबजावणी तपासनिसाच्या फेरीपुरती उरली, आणि तपासनिसाला दाखविण्यापुरता धुतलेला काचेचा झरोका पुढे वर्षभर धुळीने आंधळा राहिला. जी गोष्ट केवळ हुकूम म्हणून केली जाते तिच्यातला फायदा करणाऱ्याला दिसत नाही. आणि फायदा दिसत नाही तोवर हुकमाचे पालन तपासनिसाच्या पाठीमागे टिकत नाही.

कचेऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. मुंबईत, पुण्यात, हिंजवडीला गेल्या पंचवीस वर्षांत ज्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्या थंड प्रदेशांतील इमारतींच्या नकला आहेत. तिथे ऊन आत घेण्यासाठी जी काच लावतात तीच आपण इथे लावली, मग आत शिरलेले ऊन बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्रे बसविली, आणि उन्हाच्या तिरिपेने पडद्यावरचे दिसेना म्हणून काचेला पडदे लावून भरदिवसा दिवे पेटविले. या चक्रातून सुटण्याचा एक सुंदर प्रयोग इन्फोसिसने हैदराबादजवळ पोचारम येथे केला. एकाच इमारतीचे दोन सारखे भाग करून एका भागात नेहमीची, पण उत्तम प्रतीची वातानुकूलन यंत्रणा बसविली, आणि दुसऱ्या भागात स्लॅबमधून थंड पाण्याच्या नळ्या फिरवून छतच थंड ठेवण्याची पद्धत वापरली. दुसऱ्या भागाला सुमारे ३८ टक्के वीज कमी लागली, आणि बांधणीचा खर्चही पहिल्यापेक्षा अधिक आला नाही. ‘हरित म्हणजे महाग’ ही समजूत किती ढोबळ आहे हे दाखवायला इतकी स्वच्छ तुलना क्वचितच मिळते. कारण ऊन तेच, माणसे त्याच कामाची, इमारत तीच.

बंद काचेच्या कचेरीत दुपारी बैठकीला बसलेल्या माणसांना जी गुंगी येते तिचा दोष आपण जेवणाला देतो. त्या गुंगीत साचलेल्या श्वासाचाही वाटा असतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या एका प्रयोगात निरनिराळ्या दिवशी खोलीतील हवेचे गुण कोणाला न सांगता बदलण्यात आले आणि तिथे काम करणाऱ्यांच्या विचारशक्तीची परीक्षा घेण्यात आली. हरित इमारतीसारखी हवा होती त्या दिवसांचे गुण सामान्य कचेरीच्या हवेतील दिवसांपेक्षा सरासरी ६१ टक्क्यांनी, आणि बाहेरील ताज्या हवेचे प्रमाण आणखी वाढविले त्या दिवसांचे १०१ टक्क्यांनी अधिक भरले. प्रयोगात माणसे चोवीसच होती, म्हणून या आकड्यांवर इमला रचू नये, असे माझे मत आहे; पण दिशा चुकीची आहे असे मानायलाही आधार नाही. महिना पन्नास हजार रुपये वेतन घेणाऱ्या माणसाच्या कामात कोंदट हवेमुळे दोन टक्क्यांची जरी खोट आली, तरी मालकाचे महिन्याकाठी हजार रुपये गेले. ते कोणत्याही बिलावर छापून येत नाहीत. उलट, वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढविले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो, आणि चोवीस अंशांची शिफारस करतो. तरी अनेक कचेऱ्यांत ऐन मे महिन्यात माणसे अंगावर शाल घेऊन बसलेली दिसतात.

पाण्याच्या बाबतीत फायदा-तोट्याचा हिशेब अधिक निष्ठुरपणे समोर येतो. तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे रंगाईच्या कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत जात राहिले, शेती बुडाली, शेतकरी न्यायालयात गेले, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले सारे रंगाई कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. त्यांची संख्या सातशेच्या घरात होती. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडता ते शुद्ध करून पुन्हा वापरण्याची यंत्रणा जे उभारू शकले तेच पुढे टिकले. जो खर्च परवडत नाही म्हणून टाळला होता तोच खर्च शेवटी करावा लागला, आणि मधल्या काळातील बंदीचा तोटा वर सोसावा लागला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, आणि मराठवाड्यातील कारखान्यांच्या पाण्यावर न्यायालयाच्या आदेशाने कपात आली, ही फार जुनी गोष्ट नव्हे. त्या वर्षी ज्याच्या कारखान्यात पाणी फिरून वापरण्याची सोय होती, त्याची यंत्रे इतरांपेक्षा अधिक काळ चालली असणार हे सांगायला आकड्यांची गरज नाही.

एवढे असूनही छोटा कारखानदार मागे राहतो, आणि त्याला केवळ अज्ञानी ठरवून हा प्रश्न मिटत नाही. त्याची शेड बहुधा भाड्याची असते. छपरावर रंग लावायचा तो मालकाने, आणि गारवा मिळणार भाडेकरूला. वीजबिल भरायचे ते भाडेकरूने, आणि सुधारलेली इमारत राहणार मालकाची. भाडेकरार अकरा महिन्यांचा किंवा तीन वर्षांचा. अशा करारावर दहा वर्षे पुरणारी सुधारणा कोण करील? दुसरे असे, की बँक यंत्रावर कर्ज देते, कारण यंत्र तारण ठेवता येते. खेळती हवा तारण ठेवता येत नाही. तिसरे, पांढरा परावर्तक रंग, पारदर्शक पत्रे, छपरावरची वाऱ्याने फिरणारी हवाकाढणी, ही कामे इतकी साधी आहेत की ती करून देणाऱ्याचा फारसा फायदा नसतो, म्हणून ती विकायला कोणी दारात येत नाही. दारात येतो तो महागडी यंत्रे विकणारा. एलईडी दिव्यांच्या बाबतीत सरकारने एकत्रित खरेदी केली, तेव्हा एका दिव्याची खरेदी-किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली. हाच मार्ग छपरांच्या बाबतीत का चोखाळू नये? औद्योगिक वसाहतीतील कारखानदारांच्या संघाने शंभर शेडांच्या रंगाचे काम एका मक्त्याने दिले, तर दर निम्म्यावर येणार नाही कदाचित, पण पुष्कळ उतरेल.

प्रमाणपत्रांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. इमारत बांधून होताच दारावर हरित इमारतीची पाटी लावली जाते, आणि पुढे त्या इमारतीत प्रत्यक्ष किती वीज व पाणी लागते, आतील हवा कशी आहे, याची विचारपूस कोणी करीत नाही. पाटी हेतूची साक्ष देते. वापराची साक्ष मीटर देतो आणि हजेरीपट देतो. सेबीने सर्वांत मोठ्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि कामगार यांविषयीचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला, हे योग्यच झाले. त्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे हीच माहिती मागू लागतील, तेव्हा चाकणच्या किंवा शिरोलीच्या छोट्या कारखान्याला उत्तरे द्यावी लागणार आहेत. ज्याच्याकडे नोंदी असतील त्याचा माल उचलला जाईल. पण मोठ्या कंपन्यांनीही केवळ फॉर्म भरून मागण्यात धन्यता मानू नये. पुरवठादाराचा भाव दरवर्षी दोन टक्क्यांनी खाली ओढायचा आणि त्याच वेळी त्याच्याकडून हरित कारखान्याची अपेक्षा करायची, हा अन्याय आहे. थकलेले बिल वेळेवर चुकते केले, तरी अनेकांच्या छपराचा खर्च त्यातून निघेल.

राज्य सरकारच्या हातात एक साधन असे आहे, की ज्याचा उपयोग होताना दिसत नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ भूखंड देते, पाणी देते, रस्ते देते, आणि आपल्या वसाहतींतील इमारतींचे नकाशेही तेच मंजूर करते. म्हणजे छपर कोणते असावे, झरोके कोठे असावेत, झाडांसाठी जागा किती सोडावी, हे बांधकाम होण्यापूर्वी विचारण्याची जागा या राज्यात अस्तित्वात आहे. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. महाराष्ट्राला त्यासाठी नवे खाते उघडण्याचीही आवश्यकता नाही, नकाशा मंजुरीच्या अटींत चार ओळी घालणे पुरेसे आहे. जुन्या शेडांसाठी भाडेकराराच्या नमुन्यात एक कलम असावे, ज्यायोगे भाडेकरूने छपरावर केलेला खर्च भाड्यातून वळता करून घेता येईल. आणि कारखानदारांच्या संघांनी आपल्या सभासदांना एवढे तरी करायला लावावे, की मार्च ते जून या चार महिन्यांत रोज दुपारी तीन वाजता शेडच्या मध्यभागी, माणसाच्या छातीच्या उंचीवर, तापमान मोजून ते हजेरीपटाच्या त्याच पानावर लिहावे, आणि त्या शेजारच्या रकान्यात त्या पाळीचे बाद नग मांडावेत. भिंतीवरचा तापमापक दोनशे-तीनशे रुपयांना मिळतो. कारकुनाचे पाच मिनिटांचे काम आहे. वर्षअखेर सनदी लेखापाल ताळेबंद घेऊन येतील तेव्हा ही चार महिन्यांची पाने त्यांच्यापुढे ठेवावीत, आणि छपराच्या रंगाचा खर्च किती महिन्यांत वसूल होतो हे त्यांनाच काढायला सांगावे.